मचाणावरची जागल आणि पडद्यावरचे बुरूज

दिवाळीच्या आगेमागे धान लोंबीवर येतो आणि नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या गावांत जागलीचे दिवस सुरू होतात. गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या या जंगलाच्या वेशीवर चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी अशी गावे आहेत. जंगल संपते तिथेच धानाच्या बांध्या सुरू होतात. बांधीच्या धुऱ्यावर चार खांबांचे मचाण उभे राहते. वर तणसाचे छप्पर, खाली शेकोटी, हाताशी बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा. मचाणावर बसलेल्या माणसाला रात्रभर एकच प्रश्न सोडवायचा असतो. रानडुकरांचा कळप आज कोणत्या बाजूने येईल, आणि जवळच्या तुटपुंज्या साधनांनी त्याला नेमके कुठे अडवावे?

गंमत अशी की, जवळपास हाच प्रश्न मुंबईच्या लोकलमध्ये किंवा पुण्यातील एखाद्या वसतिगृहात मोबाइलवर बोटे फिरवणारा तरुणही सोडवीत असतो. त्याच्या पडद्यावर एक वाट असते. त्या वाटेने शत्रूंच्या लाटांमागून लाटा येतात आणि हाती असलेल्या मोजक्या नाण्यांतून बुरूज उभारून त्या थोपवायच्या असतात. खेळांच्या या प्रकाराला ‘टॉवर डिफेन्स’ म्हणतात. त्यातही अलीकडे लोकप्रिय झालेला ‘रोगलाइट’ हा उपप्रकार तर जागलीच्या फारच जवळ जाणारा आहे. कारण त्यात प्रत्येक डाव शून्यातून सुरू होतो, जसा शेतकऱ्याचा प्रत्येक हंगाम. मागच्या डावातून हाती उरते ती थोडी शिल्लक आणि बरेचसे शहाणपण. हे खेळ वारंवार हरणाऱ्यांची तक्रार असते की नशीब साथ देत नाही. प्रत्यक्षात बहुतेक डाव नशिबाने नव्हे, तर काही ठरावीक चुकांनी हातचे जातात. त्या चुका कोणत्या आणि त्या कशा टाळाव्यात, हे पाहू.

दोन कुळांचा संकर

बुरूज राखण्याच्या संगणकीय खेळांचा एक पूर्वज म्हणून अटारी कंपनीच्या १९९० मधील ‘रॅम्पार्ट’चे नाव घेतले जाते. त्यात किल्ल्याची तटबंदी बांधायची, तोफा बसवायच्या आणि हल्ल्यानंतर पडलेली भिंत पुन्हा सावरायची असे. पुढे २००२ मध्ये आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात खेळाडूंना स्वतःचे नकाशे तयार करण्याची सोय मिळाली आणि हौशी मंडळींनी त्यातून बुरुजांचे असंख्य खेळ घडवले. २००७ मध्ये ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ने हा प्रकार इंटरनेटद्वारे कचेऱ्यांतल्या संगणकांपर्यंत पोहोचवला. २००९ मधील ‘प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज’ने तर अंगणातील झाडांनाच पहारेकरी केले आणि हा खेळ घराघरांत नेला.

दुसऱ्या कुळाचा मूळपुरुष १९८० च्या सुमाराचा. कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा एक खेळ तयार केला. या शब्दाचा आपल्याकडील रोगराईशी काही संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा, भामटा असा आहे. या खेळातील भुयार दर वेळी नव्याने रचले जाई आणि नायक मेला की सारे संपे. पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ. हा कठोर नियम थोडा सैल करून, हरल्यानंतरही काही कमाई पुढच्या डावासाठी राखू देणाऱ्या खेळांना पुढे ‘रोगलाइट’ म्हटले जाऊ लागले. २०१३ मधील ‘रोग लेगसी’ने हे नाव रूढ केले.

या दोन कुळांचा संकर म्हणजे आजचा आपला विषय. २०२२ मध्ये आलेले ‘रोग टॉवर’ आणि ‘आयल ऑफ ॲरोज’ ही त्याची दोन चांगली उदाहरणे. पहिल्या खेळात शत्रूची वाट प्रत्येक लाटेनंतर वाढत जाते आणि ती कोणत्या टोकाने वाढवायची, हे खेळाडू ठरवतो. दुसऱ्यात वाटेचे आणि बुरुजांचे तुकडे फरशांसारखे एकेक करून हाती येतात आणि ते पटावर मांडायचे असतात. नकाशा आधी ठाऊक नसणे आणि पुढे काय हाती लागेल याची खात्री नसणे, हे या खेळांचे मर्म आहे. म्हणूनच येथे पाठ केलेली युक्ती चालत नाही. विचार करण्याची पद्धत लागते.

आधी वाट, मग बुरूज

नवखा खेळाडू सर्वांत आधी बुरूज न्याहाळतो: कोणता महाग, कोणता जबर. मुरलेला खेळाडू आधी वाट न्याहाळतो. बुरुजाचा खरा जोर त्याच्या घावात कमी आणि जागेत अधिक असतो, हे एका साध्या हिशेबाने कळते. समजा, बुरुजाचा आवाका तीन घरांचा आहे. सरळ वाटेच्या कडेला तो बांधला, तर वाटेची सुमारे सहा घरे त्याच्या माऱ्यात येतात. तोच बुरूज वाट जिथे उलटी वळते त्या वळणाच्या पोटात बांधला, तर जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही बाजू मिळून सुमारे बारा घरे त्याला सापडतात. पैसा तेवढाच, मारा दुप्पट.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, वळणांच्या पोटातील जागा स्वस्त बुरुजांनी भरून टाकू नये. त्या उत्तम बुरुजांसाठी राखाव्यात. दुसरी, वाट वाढवणे आपल्या हाती असेल, तर ती लांब आणि वळणावळणाची होईल असे पाहावे. आणि तिला फाटे फुटू लागले तर शक्यतो सर्व फाटे एकाच ठिकाणी येऊन मिळतील अशी मांडणी करावी. चार दिशांना चार दुबळी ठाणी उभारण्यापेक्षा सर्वांना ओलांडावे लागेल असे एक भक्कम नाके केव्हाही बरे. तिसरी, शत्रूचा वेग कमी करणाऱ्या बुरुजांना कमी लेखू नये. बर्फ, चिखल, चिकट जाळे असे त्यांचे स्वरूप काहीही असो. शत्रूचा वेग निम्मा झाला की त्या पट्ट्यातील प्रत्येक बुरुजाला दुप्पट वेळ मिळतो. दहा बुरुजांमध्ये असा एक बुरूज बसवला, तर तो अकरावा न ठरता वीसच्या हिशेबात बसतो.

जागलीवरचा अनुभवी माणूस हेच करतो. मचाण शेताच्या मधोमध न बांधता तो आधी चिखलातले खुर पाहतो, नाल्याकडून येणारी पायवाट पाहतो, कुंपणाला कुठे खिंडार पडले आहे ते पाहतो. जनावर सहसा सवयीची वाट सोडत नाही. जिला राखायचे ती वाट कळली, की निम्मे काम झाले.

नाण्यांचा हिशेब

या खेळांतील बहुतेक पराभवांचे बीज पहिल्या दहा मिनिटांत पेरले जाते आणि ते आर्थिक असते. आरंभी शत्रू दुबळे असतात. तेव्हा गरजेपेक्षा दुप्पट बुरूज बांधणे म्हणजे पैसा मातीत पुरणे होय. येणाऱ्या लाटेला पुरेल इतके बळ, त्यावर थोडी बेगमी, आणि उरलेला पैसा उत्पन्न वाढवणाऱ्या गोष्टींत, हा उत्तम शिरस्ता. खाण, बाजार, व्याज, शत्रूमागे मिळणाऱ्या नाण्यांत वाढ अशा अनेक रूपांत ही सोय खेळांत असते.

पण येथेही तारतम्य हवे. शंभर नाण्यांची खाण प्रत्येक लाटेमागे दहा नाणी देत असेल, तर भांडवल वसूल व्हायला दहा लाटा लागतात. वीस लाटा बाकी असताना ती घेणे शहाणपणाचे. सहाच उरल्या असताना घेणे हा निव्वळ तोटा. तेव्हा प्रत्येक खर्चापूर्वी ‘अजून किती लाटा बाकी आहेत?’ हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. पूर्वार्धात उत्पन्न आणि उत्तरार्धात बळ, असा ओघ साधला की डाव बराचसा हाती येतो.

आपल्या गडाचे प्राण हीसुद्धा एक पुंजीच असते. एखाद-दुसरा शत्रू निसटला म्हणून घाबरून सारी बचत उधळणारे पुढच्या मोठ्या लाटेत उघडे पडतात. थोडे नुकसान सोसून उत्पन्नाचा ओघ टिकवणे कित्येकदा हितावह ठरते. मात्र बहुतेक रोगलाइट खेळांत गेलेले प्राण आपोआप परत येत नाहीत, याचा विसर पडू देऊ नये.

शत्रू ओळखल्याविना शस्त्र नको

एकच बुरूज आवडला म्हणून तोच वीसदा बांधणारे हमखास हरतात. खेळ रचणारे शत्रूंची जातच अशी घडवतात की एकाच औषधाने सारे बरे होऊ नये. काही चपळ आणि संख्येने पुष्कळ; त्यांना एकाच वेळी अनेकांवर पडणारा मारा हवा. काही मंद पण प्रचंड. त्यांना एकावरच केंद्रित होणारा जबर घाव हवा. काही उडणारे, त्यांच्यापुढे जमिनीवरची सापळ्यांची रांग निरुपयोगी. ‘रोग टॉवर’मध्ये तर शत्रूचे प्राण, चिलखत आणि मायावी कवच असे तीन थर असतात आणि बुरुजांचा प्रभाव थरागणिक वेगळा पडतो.

चिलखताचे गणित नीट समजून घेण्याजोगे आहे. काही खेळांत चिलखत प्रत्येक घावातून ठरावीक आकडा वजा करते. समजा तो आकडा चार आहे. पाच बळाचे दहा बाण मारणारा बुरूज कागदावर पन्नासाचा मारा करतो. पण चिलखतातून आत पोहोचतात अवघे दहा. पन्नास बळाचा एकच गोळा फेकणाऱ्या बुरुजाचे मात्र सेहेचाळीस पोहोचतात. कागदावर समान असलेले दोन बुरूज रणात असे वेगळे ठरतात. म्हणून पुढील लाटेची माहिती खेळ देत असेल, तर ती न वाचता ‘सुरू’ची कळ दाबू नये.

बांधीतही हेच आहे. रानडूक्कर खालून मुसंडी मारते आणि खाण्यापेक्षा लोळवूनच अधिक नासाडी करते. चितळ वरून उडी घेते. पाखरे दिवसाउजेडी येतात. डुकरासाठी जमिनीलगत केलेली काट्यांची वई चितळाला अडवीत नाही, आणि रात्रीची शेकोटी पाखरांच्या काय कामाची? तिथे गोफण आणि बुजगावणेच हवे.

पत्त्यांचा मोह

रोगलाइट खेळांचा आत्मा म्हणजे लाटांच्या मधे समोर येणारे पत्ते. साधारणतः तीन वरदाने दाखवली जातात आणि एक निवडायचे असते. येथे दोन मोह घात करतात.

पहिला मोह स्वप्नातल्या जोडणीचा. कुणीतरी एखाद्या विशिष्ट पत्त्याच्या बळावर अजेय झाल्याचे पाहिलेले असते आणि आपणही त्याचीच वाट पाहत बसतो. हिशेब करून पाहा. तीस पत्त्यांतून दर वेळी तीन समोर येत असतील, तर हवा तो पत्ता एका खेपेस दिसण्याची शक्यता दहात एक. अशा दहा खेपा मिळाल्या तरी तो निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे पासष्ट टक्के. म्हणजे तीनपैकी एका डावात तो शेवटपर्यंत येणारच नाही. ज्याची सारी योजना त्या पत्त्यावर उभी आहे, तो तेवढे डाव हरणार हे ठरलेलेच. म्हणून आरंभी पुढच्या दोन-तीन लाटांची अडचण सोडवणारा पत्ता घ्यावा. मध्यास आल्यावर हाती जे जमले आहे त्यातील एक-दोन दिशा पक्क्या कराव्यात. आणि त्यानंतर त्या दिशांना न जुळणारा पत्ता कितीही झगमगता असला, तरी खुशाल सोडावा.

दुसरा मोह एकच गुण वाढवत नेण्याचा. समजा, बुरुजाचा घाव दहाचा आहे आणि तो सेकंदाला एकदा मारतो. पन्नास टक्के घाववाढीचे दोन पत्ते घेतले आणि खेळ ते मूळ आकड्यावर मिळवीत असेल, तर मारा वीस होतो. त्याऐवजी एक पत्ता घाववाढीचा आणि दुसरा वेगवाढीचा घेतला, तर घाव पंधरा, वेग दीडपट, मारा साडेबावीस. वेगवेगळे गुण एकमेकांना गुणतात, एकाच गुणाच्या वाढी बहुधा नुसत्या मिळवल्या जातात. डाव जसा लांबतो तसा हा फरक वाढत जातो. पत्त्यावरील ‘अधिक’ आणि ‘पट’ या शब्दांतील भेद वाचण्याची सवय लागली, तरी खेळ सुधारतो.

हरण्याची रीत

या खेळांत हरणे हा अपघात नसून अभ्यासक्रमाचा भाग आहे. हरल्यावर मिळालेली शिल्लक कायमच्या सुधारणांवर खर्चायची असते. तेव्हा घावात दोन टक्के वाढीपेक्षा नवे पर्याय खुले करणाऱ्या, आरंभीची नाणी वाढवणाऱ्या किंवा नको असलेला पत्ता बदलू देणाऱ्या सुधारणा आधी घ्याव्यात. त्यांचा लाभ प्रत्येक डावात आरंभापासून मिळतो.

पण खरी शिल्लक वेगळीच. ‘पुन्हा खेळा’ची कळ दाबण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून पाहावे: शत्रू निसटला तो कोणत्या जातीचा होता? तो वाटेच्या आरंभी अभंग राहिला, की शेवटी थोडक्यात हुकला? थोडक्यात हुकला असेल, तर कसर बळाची; अजिबात ओरखडा उमटला नसेल, तर चूक शस्त्राची. अनेक शत्रू एकदम आले म्हणून फळी कोसळली, की एकाच धिप्पाड सरदाराने ती फोडली? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर तो डाव वाया गेला असे म्हणता येत नाही.

सर्वांत जबर शस्त्राचा धोका

आता एक शेवटचा नियम, जो खेळात सोपा आणि नागझिऱ्यात जीवनमरणाचा आहे. ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’मध्ये बुरुजांचीच भिंत करून शत्रूची वाट वाकवता येते, पण ती पूर्ण बंद करू दिली जात नाही. शत्रूला कुठून तरी जायला जागा ठेवावीच लागते. कोंडणे नव्हे, वळवणे हे त्या खेळाचे कौशल्य आहे.

शेतात हा नियम लिहिलेला नसतो. जागलीने शिणलेला, हातातोंडाशी आलेला घास दरवर्षी जाताना पाहणारा एखादा शेतकरी कुंपणाच्या तारेत थेट वीजवाहिनीचा प्रवाह सोडतो. वरवर पाहता यापेक्षा जबर बुरूज नाही. पण ही तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाही. विदर्भात अशा तारांनी शेतकऱ्यांचे, वाटसरूंचे, गुराढोरांचे आणि वाघांचेही बळी घेतले आहेत. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा देखणा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेला आणि साऱ्या देशात गाजला. एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात अशाच वीजप्रवाहाच्या तारेला बळी पडला.

या मृत्यूचे मोल समजायला थोडा संदर्भ हवा. १९७० मध्ये अभयारण्य झालेला नागझिरा डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाला. पेंच, कान्हा, ताडोबा या वनांमधील वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवरचा हा मुक्काम आहे. येथील वाघांची संख्या सावरावी म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. वाघ एका वनातून दुसऱ्यात जातो तो शेतांच्या धुऱ्यांवरूनच. तिथली एक जिवंत तार अनेक वर्षांचे प्रयत्न एका रात्रीत पुसून टाकू शकते, आणि तार लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

पर्याय नाहीत असे नाही. सौर कुंपणात प्रवाह सलग वाहत नाही. क्षणभराचे झटके ठरावीक अंतराने येतात. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. शासकीय योजनांतून अशा कुंपणाला अनुदानही मिळते. शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून एकच सलग कुंपण केले आणि जागलीच्या पाळ्या वाटून घेतल्या, तर खर्च आणि जागरण दोन्ही कमी होतात. एकट्याने स्वतःची बांधी राखली, तर कळप शेजाऱ्याच्या बांधीत शिरतो. हेही पुन्हा खेळातलेच तत्त्व: चार दुबळ्या ठाण्यांपेक्षा एक भक्कम नाके.

पडद्यावरच्या खेळात शत्रू संपवायचा असतो, धुऱ्यावरच्या खेळात त्याला फक्त परत पाठवायचे असते. एवढा भेद लक्षात ठेवला, तर बाकी सारे शहाणपण दोन्हीकडे सारखेच. वाट ओळखा, पुंजी जपा, शत्रूप्रमाणे साधन निवडा, न आलेल्या पत्त्यावर विसंबू नका आणि हरलात तर कारण शोधा. शहरातल्या खेळाडूला चुकीची किंमत म्हणून फार तर अर्धा तास मोजावा लागतो. एक कळ दाबली की नवा डाव मांडला जातो. मचाणावरच्या माणसाला नव्या डावासाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे लागते. धानाचे पुंजणे उभे राहून मळणी होईपर्यंत त्याची रात्र संपत नाही. पुढच्या वेळी पडद्यावरची विसावी लाट थोपवताना त्याची आठवण झाली, तर खेळही अधिक समंजस होईल.